तिसऱ्याची नजर

१

प्रयोगकलांविषयीची आपली बहुतेक चर्चा प्रेक्षकाला गृहीत धरून सुरू होते. कला ही कोणीतरी कोणाला तरी दाखवलेली गोष्ट आहे आणि त्या 'कोणाला तरी'च्या जागी समीक्षकाने खुशाल बसावे, हे गृहीतक इतके अंगवळणी पडलेले असते की त्याचा उच्चारही करावा लागत नाही. माझेही तसेच झाले होते. ते गृहीतक मला प्रथम दिसले ते ब्युनोस आयरिसमधल्या एका नृत्यगृहात, भिंतीलगतच्या खुर्चीवर सलग तीन तास बसून राहिल्यानंतर. त्या तीन तासांत मला एकानेही नाचायला बोलावले नाही. प्रस्तुत लेखात सांगायचे आहे ते त्या तीन तासांविषयी, आणि त्यांच्यामुळे मागे घ्याव्या लागलेल्या एका विवेचनाविषयी.

विवेचन माझेच होते. माझा मूळ अभ्यासविषय वेगळा. जात्यावरच्या ओव्यांच्या रचनाबंधावर मी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला आहे. परंतु चिन्हमीमांसेची परिभाषा शब्देतर कलांना लावून पाहण्याची मला हौस होती, आणि अर्जेंटिनी टँगोच्या रंगमंचीय प्रयोगांची काही चित्रमुद्रणे हाती आली होती. त्यांच्या आधारे एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. टँगो म्हणजे कामना आणि सत्ता ह्यांचे व्याकरण होय, असा त्याचा सारांश. जोडीदाराच्या दोन पायांमधून आपला पाय आकड्यासारखा अडकवण्याच्या क्रियेला 'गांचो' म्हणतात. तिच्यात मी आक्रमण आणि प्रत्याक्रमण वाचले होते. मोकळा पाय चाबकासारखा मागे फेकला जातो, तो 'बोलेओ'. त्यात दडपलेला संताप. अखेरच्या सुरावर स्त्रीचा देह कमानीसारखा मागे वाकतो, ते समर्पण. निबंधाचे कौतुक झाले, पुढे तो छापूनही आला.

आज मागे वळून पाहता, त्यातले एकही निरीक्षण चुकीचे नव्हते असे मला वाटते. मी जे पाहिले ते खरोखरच तेथे होते. चूक अशी, की जे मला दाखवण्यासाठी केलेले होते ते त्या दोघांनी एकमेकांसाठी केलेले आहे असे मी समजले.

२

रंगमंचावरच्या टँगोला अर्जेंटिनात 'टँगो एसेनारिओ' म्हणतात. 'एसेनारिओ' म्हणजे रंगमंच. ज्या कार्यक्रमात लोक जमून आपापसात नाचतात तो 'मिलोंगा', आणि तेथल्या नाचाला 'सालोन' किंवा 'पिस्ता' हे विशेषण लागते. 'पिस्ता' म्हणजे नाचण्याची फरशी. रिओ दे ला प्लाता ह्या खाडीच्या दोन काठांवरच्या ब्युनोस आयरिस आणि मोंतेविदेओ ह्या शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टँगो घडला. त्याच्या घडणीत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, ग्रामीण भागातून आलेल्यांचा आणि युरोपातून बोटीने आलेल्या स्थलांतरितांचा वाटा होता. साधारणतः १९३५ ते १९५५ हा त्याचा सुवर्णकाळ. हुआन द'आरिएन्सो, कार्लोस दि सार्ली, आनिबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे ह्यांची वाद्यवृंदे त्या काळात नाचणाऱ्यांसाठी वाजवीत. वाद्यवृंद आणि नर्तक ह्यांचे नाते तेथे गायक आणि श्रोता असे नव्हते. वादकांच्या समोर जे जमत ते ऐकण्यासाठी नव्हे, तर पावले टाकण्यासाठी.

ह्याच वातावरणातून हुआन कार्लोस कोपेस (१९३१–२०२१) आणि मारिया निएवेस ही जोडी पुढे आली. दोघेही मिलोंगांत नाचणारे. तेथला नाच त्यांनी १९५० च्या दशकात रंगभूमीवर नेला आणि त्याला नृत्यरचनेची शिस्त दिली. १९५५ नंतरच्या काळात, आधी रॉक संगीताच्या लाटेमुळे आणि पुढे लष्करी राजवटींच्या दडपणामुळे, मिलोंगांना ओहोटी लागली. अशा स्थितीत क्लाउदिओ सेगोविआ आणि हेक्तोर ओरेसोली ह्यांनी 'टँगो आर्जेंतिनो' हा प्रयोग सिद्ध केला. तो १९८३ साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली ब्रॉडवेवर झाला. १९८३ हे अर्जेंटिनातील लष्करी राजवट संपल्याचेही वर्ष. कोपेस आणि निएवेस त्या प्रयोगात होतेच, परंतु त्यांच्याबरोबर विरुलासोसारखा स्थूल देहाचा, उतारवयाकडे झुकलेला नर्तकही होता. नंतर जगभर टँगोच्या शिकवण्या निघाल्या, आणि ब्युनोस आयरिसमधल्या तरुणांनाही आपल्या आजोबांचा नाच नव्याने दिसला, त्यामागे ह्या प्रयोगाचा मोठा हात होता. म्हणजे रंगमंचीय टँगोला 'बाजारू' म्हणून झटकून टाकण्याची सोय इतिहास आपल्याला देत नाही.

रंगमंचाने नाचात जे बदल केले त्यांची कारणे तांत्रिक आहेत. मिलोंगातल्या नाचाची मुख्य घटना दोन छातींच्या मधल्या, तळहाताच्या जाडीएवढ्या जागेत घडते. एकाचे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकते, ते जोडीदाराला कळते, आणि पुढचे पाऊल ठरते. ही घटना विसाव्या रांगेतल्या माणसाला दिसू शकत नाही. ती दिसावी म्हणून मिठी सैल करावी लागते, देह एकमेकांपासून सुटे करावे लागतात, पाय उंच न्यावे लागतात, चेहरा पडद्याच्या दिशेने वळवावा लागतो. रंगमंच रिकामा असल्याने जोडीला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरपे धावता येते. संगीत आधी निवडलेले असल्याने कळस आणि शेवटची ठेवण आधी बसवता येते. माझ्या निबंधातल्या खुणा, म्हणजे गांचो, उंच बोलेओ आणि कमानीसारखा देह, जवळजवळ सगळ्या ह्या अंतराच्या गरजेतून मोठ्या झालेल्या होत्या. मी त्यांना मनाची चिन्हे मानले. ती पुष्कळशी प्रेक्षागृहाच्या खोलीची चिन्हे होती.

३

काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात एका परिसंवादाच्या निमित्ताने मला तीन आठवडे ब्युनोस आयरिसमध्ये राहण्याची संधी मिळाली. तेथे तेव्हा हिवाळा असतो. दुपारी एका शिक्षिकेकडे धडे घ्यावेत आणि रात्री मिलोंगात जावे, असा क्रम मी ठरवला. नाचता येईल अशी आशा फारशी नव्हती. माझ्या निबंधाला पूरक टिपणे मिळतील असा मात्र विश्वास होता.

पहिल्या रात्री गेले ते एका वस्तीतल्या क्लबात. आपल्याकडच्या व्यायामशाळेची आठवण व्हावी असे सभागृह, वर झगझगीत पांढरे दिवे, कडेने टेबले. मंद प्रकाश, लाल मखमल, मांडीपर्यंत चिरलेला झगा ह्यांतले काहीही नाही. फरशीवर दाटी इतकी, की एका जोडीला मिळणारी जागा घरातल्या जेवणाच्या पाटाभोवतीच्या जागेहून फार मोठी नव्हती. सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सावकाश पुढे सरकत होत्या. ह्या फिरत्या वर्तुळाला 'रोंदा' म्हणतात. त्यात मागच्याने पुढच्याला ओलांडायचे नसते. पाय फरशीपासून फारसे उचलायचे नसतात, कारण टाचेची टोकदार एडी शेजारणीच्या पोटरीत रुतू शकते. तीन किंवा चार गाण्यांचा एक संच होतो, तो 'तांदा'. तो बहुधा एकाच वाद्यवृंदाचा असतो. दोन तांदांच्या मध्ये टँगोशी संबंध नसलेला संगीताचा तुकडा वाजतो, ती 'कोर्तिना', म्हणजे पडदा. कोर्तिना वाजली की फरशी मोकळी होते, पुरुष आपल्या जोडीदारणीला तिच्या जागेपर्यंत पोचवतो, आणि नव्या जोड्या जुळतात.

त्या जुळतात कशा, हे मला रात्रभर कळले नाही. कोणी कोणाच्या टेबलाशी जाऊन विचारताना दिसत नव्हते. कोर्तिना संपत आली की एकदम वीसपंचवीस माणसे उठत आणि सभागृहाच्या विरुद्ध बाजूंनी चालत येऊन एकमेकांसमोर उभी राहत, जणू आधीच ठरल्यासारखी. मी वही उघडून बसले होते. पावलांच्या आकृत्या काढीत होते.

शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या घरातल्या एक बाई होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला विचारले, "तुम्ही इथं बघायला आलात की नाचायला?"

मी म्हटले, "दोन्हींसाठी."

"दोन्ही एकदम होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मघापासून पायांकडे बघताय. पाय कोणाला बोलावत नाहीत."

मग त्यांनी समजावले. नाचू इच्छिणारी स्त्री सभागृहाच्या पलीकडे बसलेल्या पुरुषाकडे सरळ पाहते, ती 'मिरादा'. त्याचीही नजर तिच्यावर येऊन थांबली आणि त्याने किंचित मान हलवली तर तो 'काबेसेओ'. तिनेही मान हलवली की ठरले. तिने नजर काढून घेतली तर नकार. परंतु तो नकार तिसऱ्या कोणाला कळत नाही, आणि म्हणून कोणाचा अपमान होत नाही. तीन तास मी, अनोळखी पुरुषाच्या नजरेला नजर भिडवू नये ह्या घरच्या वळणाप्रमाणे, कोणाची दृष्टी माझ्याकडे वळताच वहीत मान घालीत होते. त्या सभागृहाच्या भाषेत मी तीन तास प्रत्येकाला सभ्यपणे नाही म्हणत होते.

ह्या प्रसंगातला विनोद मला लगेच जाणवला. दुसरी गोष्ट जाणवायला काही दिवस लागले. माझे न पाहणे हे संस्कारातून आलेले होते हे खरे, पण माझे पाहणे तरी कसे होते? तेही तेथे निरुपयोगीच होते. पायांकडे पाहणारी नजर ही प्रेक्षकाची नजर. ती पाहते, पण तिला कोणी उलट पाहू नये अशी तिची अपेक्षा असते. रंगमंचाचा काळोख हे आश्वासन प्रेक्षकाला देतो. मिलोंगातले पांढरे दिवे ते देत नाहीत. तेथे पाहणे म्हणजे स्वतःला देऊ करणे, आणि नकार ऐकण्याची तयारी ठेवणे.

४

त्यानंतरच्या दिवसांत एक सोपा निष्कर्ष माझ्यापुढे हात जोडून उभा होता. रंगमंचावरचा टँगो कृत्रिम, मिलोंगातला खरा. तो नाट्यधर्मी, हा लोकधर्मी. वहीत मी तसे लिहिलेही. पण भरताचे हे द्वंद्व येथे लागू होत नाही, हे थोड्या विचारान्ती ध्यानात आले. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी ह्या दोन्ही प्रयोगाच्याच रीती आहेत. लोकधर्मी म्हणजे रंगमंचाबाहेरचे जीवन नव्हे, तर प्रेक्षकापुढे लोकव्यवहाराच्या वळणाने केलेले सादरीकरण. मिलोंगाला तर समोर प्रेक्षकच नसतो. शिवाय मिलोंगात सहज असे काय आहे? मान हलवण्यापासून जागेवर पोचवण्यापर्यंत सगळे संकेतबद्ध. गाणे सुरू झाल्यावर लगेच नाचू लागायचे नाही, थोडा वेळ उभ्याने बोलायचे, हाही संकेत. तांदा संपण्याआधी 'ग्रासिआस' म्हटले तर ते आभार नसतात, 'आता पुरे' असा त्याचा अर्थ होतो. इतका दाट संकेतव्यूह मी आधुनिक रंगभूमीवरही क्वचित पाहिला आहे.

बाख्तिनच्या 'कार्निव्हल'च्या संकल्पनेचाही मोह झाला, कारण कार्निव्हलमध्ये नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो असे तो सांगतो. पण कार्निव्हल उतरंड उलटी करते. मिलोंगा उतरंड जपते. कोण कोणत्या टेबलावर बसतो, कोण कोणाबरोबर नाचतो, ह्यांत वर्षानुवर्षांच्या प्रतिष्ठेचे हिशेब असतात.

'अस्सल'पणाचा मुद्दाही वाटतो तितका सरळ नाही. छातीला छाती टेकवून, लहान पावलांनी केलेल्या नाचाला 'मिलोंगेरो शैली' असे नाव देऊन ते शिकवण्यांतून रूढ झाले ते १९९० च्या दशकात, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ सुरू झाल्यानंतर. वस्त्यावस्त्यांतून पूर्वीपासून नाना प्रकारे नाचले जात होतेच. रंगमंचाच्या यशानंतर त्यांपैकी काहींना 'मूळ' म्हणून वेगळे नाव लागण्याची गरज उत्पन्न झाली. मार्ता साविल्यानो ह्यांनी 'टँगो अँड द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ पॅशन' (१९९५) ह्या ग्रंथात दाखवले आहे की, लॅटिन अमेरिकेची 'उत्कटता' हा वसाहतवादी व्यवहारातला एक कच्चा माल आहे: तो तेथून उचलला जातो, युरोप-अमेरिकेत त्याचे मोल ठरते आणि मग तो मूळच्या लोकांना त्यांची ओळख म्हणून परत मिळतो. हे पुस्तक मी निबंध लिहिण्यापूर्वी वाचले असते तर 'कामना' हा शब्द इतक्या निश्चिंतपणे वापरला नसता. त्याच्या तीन वर्षांनंतरचे जूली टेलर ह्यांचे 'पेपर टँगोज' लष्करी राजवटीच्या हिंसेची सावली नाचणाऱ्या देहांत शोधते. दोघीही लेखिका स्वतः नृत्याच्या आतून लिहितात, बाहेरच्या खुर्चीवरून नव्हे, हेही आता मला अर्थपूर्ण वाटते.

मग दोन शैलींतला भेद नेमका कशात आहे? त्याचे उत्तर मला मिळाले ते एका विचित्र ठिकाणी. २००३ पासून ब्युनोस आयरिसमध्ये टँगोची जागतिक स्पर्धा भरते. तिचे दोन विभाग आहेत: पिस्ता आणि एसेनारिओ. एसेनारिओत प्रत्येक जोडी एकटी, स्वतः निवडलेल्या संगीतावर, बसवलेली रचना सादर करते. पिस्तामध्ये अनेक जोड्या एकाच वेळी रोंदात फिरतात, कोणते संगीत लागणार हे त्यांना ठाऊक नसते, गाणे चालू असेतो मिठी सोडायची नाही, उड्या वर्ज्य. म्हणजे मिलोंगाचे सर्व नियम आहेत. तरीही परीक्षक पाहत आहेत. त्या जोड्यांतल्या कित्येक स्त्रियांचे डोळे मिटलेले होते. मिलोंगातही स्त्रिया डोळे मिटतात, कारण रोंदावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पुरुषाची असते आणि मिटल्या डोळ्यांनी वजनाचा बदल अधिक नीट कळतो. स्पर्धेतले मिटलेले डोळे बाहेरून हुबेहूब तसेच होते. पण आता ते 'मी आतून अनुभवते आहे' असे कोणाला तरी सांगत होते. पाऊल तेच, मिठी तीच, नियम तेच. बदलला होता तो फक्त संबोधित.

उलट दिशेचे उदाहरण कार्लोस गाविताचे (१९४२–२००५). 'फॉरएव्हर टँगो' ह्या प्रयोगात मार्सेला दुरान ह्या सहनर्तिकेबरोबर त्याने उड्या आणि गांचोंऐवजी एकमेकांवर कललेले दोन देह आणि दीर्घ थांबणे रंगमंचावर आणले. म्हणजे मिलोंगाची जवळीकही रंगमंचावर येऊ शकते. पण तेथे थांबणे हे मौन राहत नाही, ते मौनाचे विधान होते.

तेव्हा भेद पावलांत नाही. तो व्याकरणातल्या पुरुषात आहे. रंगमंचावरची प्रत्येक क्रिया दोघांमध्ये घडत असली तरी ती तिसऱ्याला उद्देशून असते. मिलोंगातली क्रिया द्वितीय पुरुषाला उद्देशून असते आणि त्याच्यापाशीच संपते. मराठीला हा भेद सांगण्याची एक चांगली सोय आहे. 'आम्ही नाचतो' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण नाचतो' म्हणताना तो आत येतो. रंगमंच 'आम्ही' म्हणतो. मिलोंगा 'आपण' म्हणते, मात्र एका वेळी एकालाच.

५

दुसऱ्या आठवड्यात मी त्याच क्लबात गेले, वही न नेता. पायांकडे पाहायचे नाही असे ठरवले होते. दोन तांदा गेल्या. तिसऱ्या कोर्तिनाच्या वेळी समोरच्या बाजूला बसलेल्या, माझ्याहून थोड्या बुटक्या आणि बऱ्याच वयस्कर गृहस्थांनी मान हलवली. मीही हलवली, आणि चुकून मागच्या कोणाला तर नव्हते ना, ह्या शंकेने ते अगदी समोर येईपर्यंत जागेवरून उठले नाही.

दि सार्लीची तांदा होती. पहिल्या गाण्यात मी धड्यांत शिकलेल्या आकृत्या आठवीत होते. पुढचे पाऊल कोणते असेल ह्याचा अंदाज बांधून ते आधीच टाकीत होते. गृहस्थ थांबले. रागावले नाहीत, दुरुस्त केले नाही, नुसते थांबले. मागची जोडीही थांबली. माझे वजन डाव्या पायावर पुरते स्थिरावेपर्यंत ते थांबून राहिले आणि ते स्थिरावल्यावर मगच हलले. दुसऱ्या गाण्यात असे चारपाच वेळा झाले. तिसऱ्यात क्वचित.

ह्यापलीकडे वर्णन करण्यासारखे काही घडले नाही, आणि समीक्षक म्हणून माझी अडचण तीच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्या थांबण्यात अडखळण्याखेरीज काही दिसले नसते. आतून मात्र माझ्या निबंधाचा एक खांब निखळत होता. स्त्री समर्पण करते आणि पुरुष नेतो, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात तो सुचवतो आणि मग तिचे पाऊल पुरे होण्याची वाट पाहतो. तिचे वजन कोणत्या पायावर आहे हे कळल्याशिवाय त्याला पुढचे काही सुचवताच येत नाही. पावलाची दिशा त्याच्याकडे, काळ बराचसा तिच्याकडे. हा संवाद गूढ मुळीच नाही. तो वजनाचा हिशेब आहे. परंतु तो ज्याच्याशी चालला आहे त्याच्याशिवाय इतरांना वाचता येत नाही.

तांदा संपली, गृहस्थांनी मला टेबलापर्यंत पोचवले. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. शेजारच्या बाई नुकत्याच स्वतः नाचून येऊन बसल्या होत्या. 'कशी नाचले मी?' असे त्यांना विचारण्यासाठी मी तोंड उघडले, आणि त्या प्रश्नाचा रोख ज्याच्याकडे असायला हवा असा माणूस त्या सभागृहात नाही हे लक्षात आले. ज्यांना उत्तर ठाऊक होते ते गृहस्थ पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते. त्यांचे उत्तर पुढच्या एखाद्या कोर्तिनाच्या वेळी, त्यांची नजर माझ्याकडे वळते की नाही ह्यावरून, कळायचे होते.

ह्याचा अर्थ मिलोंगा हे समतेचे बेट आहे असा नव्हे. चार रात्रींत मिळून माझ्या वाट्याला दोन तांदा आल्या. तरुण मुलींना बसायला सवड नव्हती. पुरुष उठून जागा बदलू शकतो, अधिक चांगला कोन शोधू शकतो. स्त्रीने बसल्या जागेवरूनच पाहायचे असते. पन्नाशीपुढच्या कित्येक बायका उत्तम नाचणाऱ्या असूनही रात्रभर बसून असलेल्या मी पाहिल्या. २००० नंतर बळावलेल्या 'क्विअर टँगो'च्या मिलोंगांनी नेणारा आणि अनुसरणारा ह्या भूमिका लिंगापासून सोडवल्या, त्यामागे ही सल आहे. तिसरा नाही म्हणून सत्ता नाही, असे होत नाही. शिवाय तिसऱ्याची नजर तेथे अजिबात नसते असेही नाही. टेबलांवर बसलेले लोक नाचणाऱ्यांकडे पाहतात, कोण कसे नाचते ह्याची मनात नोंद करतात. पण ते पाहतात ते पुढची तांदा कोणाबरोबर करावी हे ठरवण्यासाठी. तेथला तिसरा हा होऊ घातलेला दुसरा असतो. प्रेक्षक आणि समीक्षक ह्यांची गोष्ट वेगळी: तिसरेपण सोडायचे नाही, ह्या अटीवरच ते आपल्या खुर्चीवर बसलेले असतात.

६

रंगमंचीय टँगोविषयीचे माझे मत ह्या अनुभवाने खालावले नाही. उलट आता मला त्याचे काम अधिक नीट दिसते. द्वितीय पुरुषात बोललेली गोष्ट तृतीय पुरुषाला कळेल अशी करणे, हे भाषांतर आहे. आणि भाषांतराची परीक्षा भाषांतर म्हणून व्हायला हवी. तळहाताएवढ्या जागेतला वजनाचा बदल विसाव्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी कोपेस आणि निएवेस ह्यांनी पाय उंचावले, त्याला खोटेपणा म्हणणे हे भाषांतरकाराने मूळ शब्द बदलले अशी तक्रार करण्यासारखे आहे. अभिनवगुप्ताचे साधारणीकरण ज्या ठिकाणी घडू शकते ते ठिकाण रंगमंच होय: तेथे भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' राहत नाही, म्हणून तो सर्वांचा होऊ शकतो. मिलोंगातला अनुभव साधारण होत नाही. बाराएक मिनिटे तो दोघांचा असतो, आणि कोर्तिना वाजल्यावर कोणाचाच नसतो. माझी चूक भाषांतर वाचण्यात नव्हती. ते मूळ आहे असे समजून, त्याच्या आधारे मूळ बोलणाऱ्यांच्या मनाविषयी निर्णय देण्यात होती.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर बरे झाले असते. एक जुना निबंध मागे घेऊन मोकळे होता आले असते. परंतु परत आल्यावर एके दिवशी एका विद्यार्थिनीच्या शंकेच्या निमित्ताने मी माझाच प्रबंध काढून पाहिला. त्यात 'ओवीतील संबोधन' असे एक प्रकरण आहे. ओवीत 'बाई', 'सखे' अशी संबोधने वारंवार येतात. ती कोणाला उद्देशून आहेत? मी लिहिले होते की हा एक काल्पनिक श्रोता असून, त्याच्या द्वारे कवयित्री आपले एकाकी दुःख सार्वत्रिक करते. त्यासाठी मी छापील संग्रहांतून उदाहरणे दिली होती. वाचक म्हणून मी त्या ओव्यांच्या समोर बसले होते, आणि म्हणून त्या माझ्यासमोर मांडलेल्या आहेत असे धरून चालले होते.

हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ ह्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी. ही सामग्री मला माहीत होती. जाते अनेकदा दोघी मिळून ओढतात, एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलते, हे तर मला पुस्तकांवाचूनही माहीत होते. लहानपणी आजोळी मी ते पाहिले आहे. दोघी समोरासमोर बसतात. खुंटा एकच, त्यावर दोन हात. एकीची ओढ संपते तेथे दुसरीची सुरू होते, आणि तिचा जोर कमी पडला तर पहिलीला तो मनगटात कळतो. 'बाई' म्हणून जिला हाक मारली जात होती ती काल्पनिक नव्हती. ती हातभर अंतरावर बसलेली होती.

तीनशे चाळीस पानांच्या त्या प्रबंधात छंद आहे, प्रतिमा आहेत, माहेर आहे, पंढरी आहे. खुंट्यावरचा दुसरा हात कोठेही नाही.